उद्या डोक्याला तेल लावू नका

२० जून २०२५ रोजी, शुक्रवारी, माझी एम.टेक.ची तोंडी परीक्षा झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून मागे लागलेले एक काम संपले. संगणकावर काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर या क्षणी किती भार आहे, हे त्याने न सांगता संगणकाला त्याच्या मेंदूच्या विद्युत्‌लहरींवरून ओळखता येईल का, असा माझा विषय होता. सुरुवात केली तेव्हा गणिती पद्धतींविषयी वाचायला ढीगभर मिळाले. पण परवानगीचा अर्ज कुठे करायचा, संमतीपत्र कोणत्या भाषेत लिहायचे आणि प्रयोग झाल्यावर केसांतली पेस्ट कशाने निघते, हे सांगणारे कोणी भेटले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून असे काही करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवत आहे.

विषय घरातूनच आला. माझे वडील, अप्पा, चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. चौकोनी कागदावर एकेक घर रंगवायचे, त्यावरून जेकॉर्डचे, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राचे, पत्ते पंच व्हायचे आणि मग मागावर मोर किंवा फुलपरडी उमटायची. आता हेच काम संगणकावर होते. पण नक्षीच्या जोडावर, म्हणजे एक नक्षी संपून तीच पुन्हा सुरू होते तिथे, एक घर चुकले तर ती चूक आजही पहिल्या चादरीपासून शेवटच्या चादरीपर्यंत तशीच जाते. अप्पा म्हणायचे, ‘सकाळी चूक होत नाही, डोकं तापल्यावर होते.’ डोके तापले आहे हे सॉफ्टवेअरलाच कळले आणि त्याने ‘हा जोड एकदा तपासा’ एवढेच सुचवले तर काय होईल, या प्रश्नावर मी प्रबंध बेतला.

कल्पना अर्थातच माझी नव्हती. ‘मेंदू-संगणक दुवा’ हा शब्दप्रयोग जाक व्हिडाल यांनी १९७३ मध्ये रूढ केला. त्यातला लोकांना ठाऊक असलेला प्रकार म्हणजे हात हलवण्याची नुसती कल्पना करून पडद्यावरचा बाण हलवणे. दुसरा प्रकार निष्क्रिय म्हटला जातो: माणूस आपले काम करत राहतो, मुद्दाम काही करत नाही आणि संगणक त्याची मानसिक अवस्था बाजूने टिपतो. थॉर्स्टन झांडर आणि ख्रिस्तियन कोथे यांनी २०११ मध्ये या प्रकाराची नीट मांडणी केली. त्याआधी १९९५ मध्ये नासाच्या लँगली केंद्रातील पोप आणि सहकाऱ्यांनी बीटा लहरींना अल्फा आणि थीटा यांच्या बेरजेने भागून (वेगानुसार पाडलेल्या मेंदूच्या लहरींच्या पट्ट्यांची ही नावे; बीटा जलद, अल्फा संथ, थीटा त्याहून संथ) एकाग्रतेचा एक निर्देशांक काढला होता आणि त्यावरून यंत्राने काम स्वतःकडे घ्यायचे की माणसाकडे ठेवायचे हे ठरवून पाहिले होते. हा निर्देशांक लक्षात ठेवा, पुढे त्यानेच माझी फजिती केली.

जवळच्या अवरक्त प्रकाशाने मेंदूतल्या रक्तातील प्राणवायूचा अंदाज घेण्याचीही एक पद्धत आहे, पण ते यंत्र माझ्या आवाक्याबाहेर होते आणि रक्तातला तो बदल काही सेकंद मागाहून येतो. म्हणून मी ईईजीवर, म्हणजे टोपीत बसवलेले इलेक्ट्रोड पेस्ट लावून टाळूला टेकवायचे आणि त्यांतून मेंदूच्या लहरी टिपायच्या या पद्धतीवर, थांबले.

माणसांवर प्रयोग करायचा तर नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते. ‘नुसती टोपी घालायची आहे, टोचायचे काही नाही’ हा युक्तिवाद चालत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे या कामी प्रमाण मानली जातात आणि ती अर्ज लिहायला बसण्याआधी वाचावीत, कारण समितीचे बहुतेक प्रश्न त्यातूनच येतात. आमच्या महाविद्यालयात अशी समिती नसल्याने दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जावे लागले. त्यासाठी दोन्ही संस्थांमधला सामंजस्य करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करावा लागला, वर नोटरीचे २०० रुपये आणि विद्यार्थी-प्रकल्पाचे शुल्क ३,००० रुपये.

५ ऑगस्टला अर्ज दिला. नऊ दिवसांनी तो परत आला, कारण मार्गदर्शकांच्या परिचयपत्राच्या शेवटच्या पानावर सही होती, प्रत्येक पानावर नव्हती. २० तारखेला पुन्हा दिला तेव्हा समजले की बैठक दोन महिन्यांतून एकदा होते आणि या खेपेची विषयपत्रिका आदल्याच दिवशी बंद झाली आहे. जिन्यात बसून मला रडू आले होते, हे लिहायला आता संकोच वाटत नाही. तुम्ही तरी अर्ज टंकलिखित करण्याआधी फोन करून पुढच्या बैठकीची आणि अर्ज घेण्याच्या शेवटच्या दिवसाची तारीख विचारा.

बैठक १९ ऑक्टोबरला झाली. समितीचे अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि समितीत एक कायदा जाणणारी व एक सर्वसामान्य व्यक्तीही असते. मला सर्वांत अवघड प्रश्न डॉक्टरांनी नव्हे, तर या सर्वसामान्य सदस्य बाईंनी विचारला: ‘हे आकडे मालकाला दाखवणार का?’ मी ‘नाही’ म्हणाले, पण ते अर्जात कुठेच लिहिलेले नव्हते. आठवडाभराने सात शंकांचे पत्र आले. सहभागींना ३०० रुपये कशाच्या आधारे देणार. नोंदींत काही विपरीत दिसले तर काय करणार. अपस्माराचा इतिहास असलेल्यांना वगळणार का. संमतीपत्र तेलुगूत का नाही. आणि चौथी शंका, बाईंचीच.

तेलुगूची शंका रास्त होती. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर कुटुंबांत घरी तेलुगू बोलतात आणि कारखान्यात मराठी, पण सही करण्याआधी माणूस आपल्या घरच्या भाषेत विचार करतो. एका सहकाऱ्याने भाषांतर केले. मग मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट मराठीत आणले आणि दोघांनी तसे लेखी प्रमाणपत्र दिले. या उलट भाषांतरातच कळले की माझ्या मराठीतले ‘मेंदूचे निरीक्षण’ तेलुगूतून परत येताना ‘मेंदूची तपासणी’ झाले होते, म्हणजे वाचणाऱ्याला हा दवाखान्याचा प्रकार वाटला असता.

चौथ्या शंकेला उत्तर द्यायला दिवाळी गेली. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखानदारांनी जागा देऊ केली होती ते मनाने चांगले गृहस्थ. पण ते सहज बोलून गेले, ‘मॅडम, यंत्र लावा, कॉम्प्युटर वापरा, चहा आमच्याकडून. फक्त कुणाचं डोकं कामात आहे आणि कुणाचं गावात, एवढं महिन्याला कागदावर द्या.’ त्यांना त्यात वावगे काही वाटत नव्हते, हजेरीच्या वहीसारखीच ही एक वही. मी नकार दिला आणि जागा गेली. उत्तर लिहिताना चिलीचे उदाहरण कामी आले: त्या देशाने २०२१ मध्ये मेंदूच्या क्रियेला आणि तिच्यातून मिळणाऱ्या माहितीला संविधानात संरक्षण दिले आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या मेंदूच्या नोंदी पुसून टाकण्याचा आदेश एका कंपनीला दिला. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमही जोडला. शेवटी असे ठरवले की प्रयोग कारखान्यात करायचाच नाही. सहभागी सुट्टीच्या दिवशी महाविद्यालयात येतील, नावाऐवजी क्रमांक असेल, नाव-क्रमांकाची यादी एकाच कागदावर कुलपात राहील आणि काम संपल्यावर नष्ट होईल. १८ नोव्हेंबरला उत्तर दिले, १६ डिसेंबरला मंजुरीचे पत्र हाती आले. चार महिने आणि अकरा दिवस.

यंत्र पुण्याच्या एका संस्थेकडून उसने मिळाले, वापराचे ६,००० आणि अनामत १५,००० रुपये. आठ वाहिन्यांचे, सेकंदाला २५० नमुने घेणारे, चार पेन्सिल सेलवर चालणारे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन ते मांडीवर घेऊन आले. शहर गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीत होते, त्यामुळे सहभागी कोणी मिळेना, आणि पहिला प्रयोग अप्पांवर झाला. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि पुढे स्वतःच्या मुलावर, क्लाउसवर, अनेक नोंदी घेतल्या; मी वडिलांना बसवले.

इलेक्ट्रोडच्या जागा दहा-वीस पद्धतीने ठरतात. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर शिंप्याच्या फितीने मोजले, ते ३६ सेंटिमीटर भरले. त्याच्या निम्म्यावर माथ्याचा मध्य, तीस टक्क्यांवर पुढचा बिंदू एफ-झेड, सत्तर टक्क्यांवर मागचा पी-झेड. अप्पांच्या डोक्यावर केस जवळजवळ नाहीत, आणि सगळ्या प्रयोगात इतकी स्वच्छ नोंद पुन्हा मला मिळाली नाही. मी त्यांना डोळे मिटायला सांगितले. दोन सेकंदांत पडद्यावरची बारीक खरखर मोडून तिथे सेकंदाला दहा अशा गोल, संथ लाटा उभ्या राहिल्या. डोळे उघडले, त्या गेल्या. मिटले, आल्या. या अल्फा लहरी असतात हे मी कितीदा वाचले होते. पण अप्पांच्या डोक्यातून त्या येताना पाहिल्या आणि मी नोंद थांबवायची विसरले. ते डोळे मिटूनच म्हणाले, ‘झालं का? मला झोप येतेय.’ प्रत्येक सहभागीची सुरुवात याच चाचणीने करा. डोळे मिटल्यावर अल्फा दिसली नाही तर आधी टोपी पुन्हा बसवून पाहावी. काही माणसांत ती मुळातच फिकी असते, पण दहापैकी नऊ वेळा दोष जोडणीचाच निघतो.

२ फेब्रुवारीपासून सुट्टीच्या दिवशी सहभागी येऊ लागले. पहिल्या दोघांच्या डोक्याला खोबरेल तेल होते आणि एका ताईंच्या वेणीत गजरा. टाळू आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विद्युत् अवरोध पाच-दहा किलोओहमच्या आत आणायचा असतो. तेलकट केसांत तो कितीतरी पटींनी जास्त राहिला आणि दीड तास खटपट करून दोघांना परत पाठवावे लागले. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला एकच संदेश जायचा: ‘उद्या डोक्याला तेल लावू नका, सकाळी केस धुऊन या.’ त्यावरही एकाने विचारले, ‘नळाला पाणी परवा आहे, परवा आलो तर चालेल?’ चालवून घेतले. पाणीपुरवठ्याच्या दिवसांशी वेळापत्रक जुळवणे हा माझ्या प्रबंधाच्या पद्धतीत न लिहिलेला भाग आहे. पेस्ट काढायला कोमट पाणी आणि साधा शाम्पू पुरतो, पण त्यासाठी दोन बादल्या आधी भरून ठेवाव्या लागतात. प्रत्येकाला एक टॉवेल भेट द्यायचे ठरले होते, एकूण १४ टॉवेल, ११० रुपयांना एक. पाचव्या क्रमांकाच्या सहभागीने डोके पुसता पुसता टॉवेल उजेडात धरला, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘ह्यो काठ आमच्याकडचाच. डॉबीत एक ओढ कमी घेतलीय बघा.’

संमतीपत्र चार पानी होते आणि मी ते दरवेळी मोठ्याने वाचून दाखवत असे. ‘मनातलं दिसतं का?’ हे सगळ्यांनीच विचारले. एक काका फार वेळ गप्प बसून म्हणाले, ‘माझ्या डोक्यात सध्या कर्ज आहे, ते तुम्हाला दिसणार.’ मी त्यांना म्हटले, मागांच्या शेडबाहेर उभे राहिल्यावर आवाजावरून किती माग चालू आहेत, एखादा बंद पडला का, हे कळते. आत चादरीवर मोर आहे की फूल, हे कळत नाही. टाळूवर पोहोचणारा विद्युत्‌दाब व्होल्टच्या काही लाखांश भागांएवढा असतो आणि तो असंख्य पेशींचा एकत्रित गलबला असतो. काकांना ते पटले, पण त्यांनी सही केली नाही. चहा घेऊन, ३०० रुपये न घेता ते गेले. नकार देणाऱ्यालाही प्रवासखर्च द्यावा असे नियमपत्रात आधीच लिहून ठेवायला हवे होते. माझ्याकडून ते राहिले.

प्रयोगात दोन कामे होती. एकात अक्षरे एकामागून एक दिसायची आणि दोन अक्षरांपूर्वीचेच अक्षर पुन्हा आले तर बटण दाबायचे. दुसऱ्यात पडद्यावरच्या नक्षीच्या जोडातली चूक शोधायची, सोपी आणि अवघड. प्रत्येक टप्प्यानंतर नासाची भारमापन प्रश्नावली भरून घ्यायची. १९८८ पासून वापरात असलेल्या या प्रश्नावलीत सहा बाबी असतात: मानसिक मागणी, शारीरिक मागणी, वेळेचा ताण, कामगिरी, प्रयत्न आणि सहावी, जिला मी आधी ‘निराशा’ म्हटले होते. कोणीच तिथे खूण करेना, कारण चादरीचा जोड शोधताना कोण कशाला निराश होईल? ‘वैताग’ असे लिहिले आणि लगेच खुणा पडू लागल्या. शब्दातला हा बदलही समितीला पत्राने कळवावा लागला, त्याची पोच यायला नऊ दिवस.

आता फजिती. सातव्या क्रमांकाचा सहभागी अवघड टप्प्याला लागला की बीटा-भागिले-अल्फा-अधिक-थीटा हा निर्देशांक दिमाखात चढायचा आणि टप्पा संपला की उतरायचा. मी तो आलेख त्याच रात्री मार्गदर्शकांना पाठवला. त्यांनी दुसऱ्या दिवशी एवढेच विचारले, ‘हा माणूस काही चघळत होता का?’ चित्रीकरण पाहिले. गालात सुपारीचे खांड होते. काम सोपे असताना ते एका बाजूला पडून असायचे आणि अवघड झाले की गृहस्थ ते चघळू लागायचे. जबड्याच्या आणि कानशिलाच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी असते आणि बीटाच्या पट्ट्यात मिसळते. म्हणजे माझा संगणक एकाग्रता नव्हे, सुपारी मोजत होता. तसे पाहता भार वाढला की चघळणे वाढते हीसुद्धा भाराचीच खूण होती. पण त्यासाठी डोक्यावर टोपी कशाला हवी, आरसा पुरला असता. पुढे सगळ्यांना चूळ भरायला लावली आणि मुख्य मोजमाप बीटावरून हलवून पुढच्या भागातली थीटा आणि मागच्या भागातली अल्फा यांवर आणले. डोक्याला काम पडले की पहिली वाढते आणि दुसरी घटते, हे बऱ्याच अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलेले आहे.

विजेचेही सांगते. आपल्याकडची घरगुती वीज ५० हर्ट्झची असल्याने नोंदीत त्या जागी एक टेकाड कायम दिसते. २३ मार्चला दुपारी वीज गेली आणि ते टेकाड डोळ्यांदेखत सपाट झाले. यंत्र सेलवर, लॅपटॉप बॅटरीवर, नोंद अखंड चालू. तेव्हापासून मी खोलीचे मेन स्विचच बंद करू लागले. पण मार्च-एप्रिलच्या सोलापुरात पंखा बंद म्हणजे घाम, आणि घामाने नोंद हळूहळू वरखाली तरंगते. उपाय निघाला तो सकाळी आठच्या आत टोपी चढवण्याचा. १३ एप्रिलला चौदावा सहभागी झाला. तिघांच्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या.

विश्लेषणात मी एक चूक केली, जी अनेक जण करतात म्हणून सांगते. संगणकाला काही नोंदींवर भार ओळखायला शिकवायचे (प्रशिक्षण) आणि उरलेल्या नोंदींवर त्याची परीक्षा घ्यायची (चाचणी), अशी पद्धत असते. दोन मिनिटांच्या टप्प्याचे छोटे तुकडे करून ते प्रशिक्षणात आणि चाचणीत सरमिसळ वाटले, तर शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे जातात आणि संगणक भार ओळखण्याऐवजी तो टप्पाच ओळखतो. माझी अचूकता तेव्हा थक्क करणारी होती. संपूर्ण टप्पेच वेगळे ठेवल्यावर ती बरीच खाली आली, तरी बहुतेकांच्या बाबतीत नाणेफेकीपेक्षा चांगली राहिली. मात्र एकाच्या नोंदींवर शिकलेले प्रारूप दुसऱ्याच्या डोक्यावर जवळपास निरुपयोगी ठरले. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी विचारले, ‘मग हे कारखान्यात लावता येईल का?’ मी ‘नाही’ म्हणाले. अवघड टप्प्यात डोळेही जास्त फिरतात, त्याचा वाटा मला पूर्ण वेगळा काढता आलेला नाही, हेही सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुढचे पान उलटले.

खर्च अनामत सोडून साडेएकवीस हजारांच्या घरात गेला, त्यातले पुण्याच्या फेऱ्यांचे आणि छायाप्रतींचे मिळून साडेतीन हजार. समितीला समापन अहवाल तीन प्रतींत द्यावा लागतो. तो २७ जूनला दिला आणि आवक शिक्का मारलेली प्रत घेतली, ती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. त्याच संध्याकाळी नाव-क्रमांकाची यादी मार्गदर्शकांसमोर फाडली आणि तशी दोघांच्या सहीची नोंद फाइलला लावली. टोपी धुऊन गच्चीत दोरीवर वाळत घातली तेव्हा तिच्या भोकांतून बरेच केस निघाले, काळे, पांढरे, एक मेंदीचा. यंत्र ३० जूनला पुण्याला पोचते केले. अनामत रक्कम अजून यायची आहे. पावती जपून ठेवली आहे.